१८०३ नंतरचं तंजावर : दहा मिनिटांच्या माहितीपटाची तयारी

आजचा विषय तंजावरचा आहे, पण सुरुवात चेन्नईतल्या एका टेबलापासून करतो. माध्यमांचं शिक्षण घेणारी पाच मुलं माझ्याकडे आली होती. शेवटच्या वर्षाला त्यांना दहा मिनिटांचा माहितीपट करायचा होता. विषय मिळाला होता 'स्थानिक माणसं आणि त्यांची संस्कृती'. त्यांनी तंजावरचे मराठी लोक निवडले. पाचांपैकी दोघांना मराठी येत होती, तिघांची भाषा तमिळ.

त्यांनी चित्रीकरणाची यादी करून आणली होती. बृहदीश्वराचं मंदिर, मराठ्यांचा राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय, सांबाराच्या जन्माची गोष्ट, राजघराण्यातल्या कोणाची तरी मुलाखत, आणि शेवटी दोन म्हातारी माणसं मराठी बोलताना. वर वीणेचं संगीत. यादी वाचून मी एकच विचारलं, "यातलं काय तुम्ही टिपलं नाहीत तर पाच-दहा वर्षांनी कोणालाच टिपता येणार नाही?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, फक्त शेवटचं." शेवटच्या गोष्टीला त्यांनी वीस सेकंद ठेवले होते.

त्या दिवशी चहा दोनदा झाला आणि आम्ही यादी उलटी केली. ती कशी उलटली आणि त्यासाठी कोणता इतिहास समजून घ्यावा लागला, ते आज सांगतो. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला किंवा बेळगावला, तुमच्या गावात असा प्रयत्न कोणी करत असेल तर त्यांना हे उपयोगी पडेल.

भिंत काय सांगते

आधी ठळक इतिहास. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर ताब्यात घेतलं. तिथपासून १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे १८० वर्षं, कावेरीच्या खोऱ्यात भोसल्यांची गादी होती. ही गादी नुसती तलवारीची नव्हती. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी मराठीत नाटकं लिहिली. विष्णुदास भाव्यांनी सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं ते १८४३ साली. तंजावरची नाटकं त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधीची. मराठी रंगभूमीचा इतिहास शाळेत शिकलेल्या आपल्यापैकी किती जणांना हे माहीत असतं?

बृहदीश्वर मंदिराच्या आवारातल्या भिंतीवर एक भला मोठा मराठी शिलालेख आहे. देवनागरी अक्षरांत, १८०३ सालचा. त्याला 'भोसले वंशचरित्र' म्हणतात. दुसऱ्या सरफोजींच्या काळात तो कोरला गेला. तमिळ मुलखाच्या मधोमध, चोळांनी बांधलेल्या मंदिरात, मराठीत सांगितलेला एका घराण्याचा इतिहास. मुलांना साहजिकच वाटलं की चित्रपटाची सुरुवात इथूनच करायची.

मी म्हटलं, जरूर करा, पण आधी एक विचारा. हा लेख १८०३ मध्येच का कोरला?

सरफोजींना तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतलं. पण तुळजाजींच्या मृत्यूनंतर गादीवर बसले अमरसिंग. दत्तकविधान खरं की खोटं यावर दहा-अकरा वर्षं वाद चालला. १७९८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने सरफोजींना गादीवर बसवलं आणि पुढच्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार स्वतःकडे घेतला. राजाकडे उरला किल्ला आणि आजूबाजूचा थोडा भाग. म्हणजे ज्याच्या वारसावर शंका घेतली गेली होती आणि ज्याच्या हातात आता राज्य नव्हतं, अशा राजाने ही वंशावळ दगडात कोरून घेतली. राज्य दाखवता येत नसलं, की माणूस घराणं सांगतो.

याने शिलालेखाची किंमत कमी होत नाही. उलट तो वाचायचा कसा ते कळतं. इतिहास सांगणाऱ्याला तो सांगायचं काहीतरी कारण असतं. भिंतीवर लिहिणाऱ्याला होतं, कॅमेरा घेऊन जाणाऱ्यालाही असतं. मुलांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं : 'आपलं कारण काय?' हे उत्तर मिळेपर्यंत कॅमेरा भाड्याने घ्यायचा नाही, असं ठरलं.

सांबाराची गोष्ट

यादीतली सगळ्यांची लाडकी गोष्ट सांबाराची होती. ती तुम्हीही ऐकली असेल. शहाजीराजे स्वयंपाकघरात आमटी करत होते, कोकम संपलं होतं, मग चिंच घातली, आणि पाहुणे आलेल्या संभाजी महाराजांच्या नावावरून पदार्थाला 'सांबार' नाव पडलं. तमिळनाडूत कोणालाही विचारा, ही गोष्ट सांगतील, आणि मराठी माणसाला ती सांगताना मूठभर मांस चढतं.

पण त्या काळाच्या कागदांत तिचा आधार मिळत नाही. 'संभार' हा संस्कृत शब्द सामग्री, साहित्य या अर्थाने जुना आहे. आपल्याकडे विदर्भात आजही कोथिंबिरीला 'सांबार' म्हणतात. नागपूरकर गृहिणी बाजारातून सांबाराची जुडी आणते तेव्हा तिला कुठला राजा आठवत नाही. शब्दाचं मूळ शोधायला राजवाड्यात जाण्याआधी मसाल्याच्या डब्यात डोकवायला हवं.

मुलं हिरमुसली. चित्रपटातला सगळ्यात चटकदार तुकडा गेला. मी म्हटलं, टाकू नका, पण 'असं झालं' म्हणून दाखवू नका, 'असं सांगतात' म्हणून दाखवा. लोक स्वतःबद्दल कोणती गोष्ट आवडीने सांगतात हीसुद्धा संस्कृतीच आहे. फक्त निवेदकाच्या आवाजात ती आली, की प्रेक्षक तिला पुरावा समजतो. ज्याची गोष्ट आहे त्याच्याच तोंडून ती येऊ द्या.

मराठी म्हणजे कोण?

पुढची अडचण मोठी होती. यादीत राजघराणं होतं, पण तंजावरचे मराठी लोक म्हणजे फक्त राजघराणं नव्हे.

राज्याबरोबर कारकून आले, पुराणिक आले, सैनिक आले, शिंपी आले. समर्थ रामदासांच्या संप्रदायाचे मठ तंजावर-मन्नारगुडीकडे स्थिरावले. मराठी कीर्तनाची पद्धत तिथे रुजली आणि पुढे एकोणिसाव्या शतकात तंजावर कृष्ण भागवतरांसारख्या कलावंतांच्या हाती तमिळ हरिकथा घडताना साकी, दिंडी, ओवी, अभंग हे मराठी छंद तिच्यात मिसळून गेले. चेन्नईत हरिकथा ऐकणाऱ्या कित्येकांना आपण साकी ऐकतोय हे ठाऊकही नसतं. राव आडनावाच्या मराठी ब्राह्मणांना तमिळ लोक 'रायर' म्हणू लागले. अशाच एका घरातले टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमला जन्मले आणि आधी त्रावणकोरचे, मग इंदूरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण झाले. तुमच्यापैकी बडोदेकरांना हे नाव परकं नाही.

आणि अगदी अलीकडे आलेलेही आहेत. खानापूर, विटा, आटपाडी या भागातले गलाई करणारे, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करणारे लोक, देशभरच्या सराफ बाजारांत पोहोचले, तसे तमिळनाडूतही. त्यांची मराठी आजची माणदेशी आहे. शेजारच्या गल्लीतल्या रायरांची मराठी तीनशे वर्षांपूर्वी निघालेली. दोघं मराठी, पण एकमेकांशी बोलताना बऱ्याचदा तमिळवर येतात.

मुलांना मी सांगितलं, दहा मिनिटांत हे सगळे मावणार नाहीत. सगळ्यांना घेतलंत तर कोणालाच घेतलं नाही असं होईल. निवडा, आणि निवडलेल्यांनाच 'तंजावरचे मराठी' असं सरसकट नाव देऊ नका.

निवडण्यासाठी एक तारीख मदतीला आली. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे पुत्राविना गेले आणि कंपनीने राज्य खालसा केलं. राज्याबरोबर राजवाड्यातली खाजगी मालमत्ताही जप्त केली. राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेल्या. मद्रासला निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. ही जप्ती म्हणजे राज्यसत्तेने केलेली कृती, तिच्याबद्दल न्यायालयाला विचारता येणार नाही, असं ठरलं. कायदा शिकणारे हा खटला आजही वाचतात.

भिंतीवरचा इतिहास १८०३ ला थांबतो. राज्य १८५५ ला संपतं. त्यानंतरची १७० वर्षं कुठल्याच भिंतीवर नाहीत. दरबार नाही, मराठी शाळा नाही, मराठीत नोकरी नाही, तरी काही घरांत मराठी बोलली जात राहिली. हे कसं घडलं? मुलांचा प्रश्न ठरला : राज्य गेल्यावर भाषा घरात कशी राहिली?

माझी चूक

आता एक गोष्ट सांगतो, जी मुलांनाही सांगितली.

काही वर्षांपूर्वी मी एका तंजावरी घरातल्या आजींचं बोलणं ध्वनिमुद्रित करायला गेलो होतो. ऐंशी ओलांडलेल्या. त्यांचं मराठी ऐकून मी हरखलो होतो. हेल तमिळचा, शब्द जुने. लहानपणची मंगळागौर त्या सांगत होत्या. बोलता बोलता त्यांनी एक क्रियापद आपल्यापेक्षा वेगळं वापरलं आणि मी सवयीने ते 'नीट' करून उच्चारलं. त्या थांबल्या, माझ्यासारखं म्हणायचा प्रयत्न केला, पुढे गेल्या. थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं. शिवाय मी म्हटलं, "आजी, तमिळ शब्द न घालता सांगाल का? ऐकणाऱ्यांना बरं पडेल."

त्यानंतर त्या तमिळमध्ये बोलू लागल्या. अगदी सहज, हसून. मी मराठीत विचारायचो, त्या तमिळमध्ये उत्तर द्यायच्या. निघताना सुनेला म्हणाल्या, की यांना आमचं कळत नाही.

घरी येऊन मुद्रण ऐकलं. अकरा मिनिटं मराठी आणि अर्धा तास तमिळ. तीनशे वर्षं टिकलेली भाषा मी एका दुपारी गप्प केली होती, तीही भाषेवरच्या प्रेमापोटी. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो तेव्हा आजी नव्हत्या.

माहितीपटाच्या इतिहासातही हीच चूक जुनी आहे. १९२२ च्या 'नानूक ऑफ द नॉर्थ' या चित्रपटाला माहितीपटांचा आद्य नमुना मानतात. दिग्दर्शक रॉबर्ट फ्लाहर्टी. त्यातल्या शिकाऱ्याचं खरं नाव नानूक नव्हतं. त्याच्या काळातले इन्युइट लोक बंदुका वापरत होते, तरी पडद्यावर शिकार भाल्याने दाखवली. बर्फाचं घर आतून टिपता यावं, प्रकाश मिळावा म्हणून अर्धंच बांधलं. फ्लाहर्टीला त्या लोकांबद्दल आस्था होती यात शंका नाही. पण त्याला हवे होते आधीचे इन्युइट, समोरचे नव्हे. मलाही आजींकडून आधीची मराठी हवी होती. समोरची मराठी मी ऐकलीच नाही.

वही

त्या दुसऱ्या खेपेला आजींच्या सूनबाईंनी मला एक वही दाखवली होती. आजींनी पंचवीस-तीस वर्षं लिहिलेली. त्यात पदार्थांच्या कृती होत्या, हिशेब होते, गाणी होती. भाषा मराठी, लिपी तमिळ. आजी तमिळ शाळेत शिकलेल्या, देवनागरी त्यांना येत नव्हती. मला तमिळ बोललेलं समजतं, पण अक्षरं वाचता येत नाहीत. वही हातात धरून बसलो आणि परत दिली.

मुलांना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा खरा प्रश्न दिसला. सूनबाईंची परवानगी घेऊन आम्ही सगळे तंजावरला गेलो. कॅमेरा नेला नाही, असं ठरलंच होतं. ओसरीवर वही उघडली. एका तमिळ मुलीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

आता गंमत बघा. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. प, फ, ब, भ यांनाही एकच, आणि ट-ठ-ड-ढ यांचंही तसंच. त्यामुळे ती वाचत होती 'कूळ', 'टाळ', 'पाजी', 'पात'. तिला अर्थ कळत नव्हता. शेजारी बसलेला इंदूरचा मुलगा, ज्याला तमिळचं अक्षर येत नव्हतं, तो क्षणभर गोंधळला आणि ओरडला, "गूळ! डाळ! भाजी, भात!" मग तासभर तसंच चाललं. एक वाचायची, दुसरा ओळखायचा, आणि दोघांनाही जमलं नाही की सूनबाई सांगायच्या. एकट्याला ती वही वाचता येत नव्हती.

तिथेच त्यांना चित्रपट सापडला. तंजावरच्या मराठीने तीन लिप्या पाहिल्या. मंदिराच्या भिंतीवर देवनागरी. सरस्वती महालातल्या दप्तरांत मोडी. आणि घरच्या वहीत तमिळ. पहिली राजासाठी, दुसरी कारभारासाठी, तिसरी सुनेसाठी, नातीसाठी. पहिल्या दोन जपून ठेवल्या आहेत. सरस्वती महाल १९१८ पासून सर्वांना खुला आहे. तिसरी लोखंडी ट्रंकेत आहे.

आराखडा

आता मुलांचा आराखडा सांगतो, कारण तो तुम्हाला जसाच्या तसा वापरता येईल.

दहा मिनिटांपैकी भिंतीला दीड मिनिट, मोडी दप्तराला दीड, उरलेली सात वहीला. सांबार एका वाक्यात, तेही सूनबाई स्वतःहून म्हणाल्या तरच. राजवाडा नाही. वीणा नाही, घरात जे आवाज असतील तेवढेच.

परवानग्या आधी. बृहदीश्वर मंदिर हे पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, शिवाय तिथे रोज पूजा होते. तिपाई लावून चित्रीकरण करायचं तर लेखी परवानगी लागते आणि ती यायला वेळ लागतो. ग्रंथालयाचंही तसंच. म्हणून अर्ज पहिल्या आठवड्यात, संहिता नंतर.

आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष. बोलीवर चित्रपट करताय आणि पंख्याच्या घरघरीत बोलणं बुडालं, तर उरलं काय? पण तंजावरच्या उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांसमोरचा पंखा बंद करणं हा अपराध आहे. म्हणून चित्रीकरण पोंगलच्या सुमारास, सकाळी, आणि गळ्याजवळ लावायचा छोटा माइक.

प्रश्न थोडे. 'तुमची संस्कृती कशी आहे?' असं विचारलं की माणूस भाषण देतो. 'रागावल्यावर कोणत्या भाषेत बोलता? हिशेब कोणत्या भाषेत करता? देवाशी कोणत्या?' असं विचारलं की माणूस आठवतो. वाक्य मध्ये तोडायचं नाही. दुरुस्त तर मुळीच करायचं नाही.

संमती दोनदा. एकदा चित्रीकरणाआधी, तमिळमध्ये, घरातल्या सगळ्यांसमोर. दुसऱ्यांदा जोडलेला चित्रपट दाखवल्यावर. त्या वेळी घरचे 'हे काढा' म्हणाले तर काढायचं, गुण कमी झाले तरी. आणि कच्च्या मुद्रणाची प्रत त्या घराला द्यायची. दहा मिनिटांच्या चित्रपटासाठी पाच-सहा तासांचं बोलणं टिपलं जातं. उद्याच्या अभ्यासकाला, आणि उद्याच्या नातवाला, त्या पाच-सहा तासांची किंमत जास्त असेल.

सूनबाईंनी दोन अटी घातल्या. घराचं नाव सांगायचं नाही. आणि दुसरी, तमिळमध्ये, माझ्याकडे बघून : "मराठी दुरुस्त करायची नाही." मुलांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

चित्रपट कसा होईल माहीत नाही. विद्यार्थ्यांचं काम आहे, चुका असतील. पण त्या वहीची पानं मुलांनी आता एकेक करून छायाचित्रित केली आहेत आणि तमिळमधून देवनागरीत उतरवायला घेतली आहेत. मराठी मुलगा तमिळ अक्षरं शिकतोय. तमिळ मुलीने परवा मला फोनवर एक ओवी म्हणून दाखवली, 'ग'च्या जागी 'क' म्हणत. मी काही बोललो नाही, नुसती ऐकली.

तुमच्या गावात अशी वही असेल. लिपी कन्नड असेल, तेलुगू असेल, गुजराती असेल. ती शोधा. ज्यांनी लिहिली त्या हयात असतील तर आधी त्यांच्याजवळ बसा, कॅमेरा पुढच्या खेपेला. मुद्रण केलंत तर सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्यांची परवानगी त्यांच्याच आवाजात नोंदवा. आणि काय सापडलं ते मला जरूर कळवा.

भेटू पुढच्या भागात.